मारिसेलचा आवाज गेला नव्हता

साउंडवाल्याकडे लोक दोनच वेळा वळून पाहतात. स्पीकरमधून शिट्टी वाजली की, आणि स्पीकर बंद पडला की. बाकी वेळ तो हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून, बटणांच्या टेबलाआड बसलेला असतो आणि सगळं नीट चाललं असेल तर तो तिथं आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही. कॉव्हेंट्रीत मी हे काम बरीच वर्षं केलं. पंजाब्यांची लग्नं, गुजरात्यांचा गरबा, आपला गणपती, पेन्शनरांचं चहापान. पण यातलं सांगण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडी एकाच बँडचं नाव येतं. ‘ऑफ ड्यूटी’. हॉस्पिटलात काम करणाऱ्या फिलिपिनो मुलामुलींचा बँड.

या बँडबद्दल इथल्या फिलिपिनो मंडळींत एक गोष्ट पक्की झालेली होती. पहिली गायिका मारिसेल, तिचा आवाज फाटला, म्हणून तिच्या जागी दुसरी आणावी लागली. ही गोष्ट खोटी आहे. मारिसेलच्या गळ्याला काहीही झालेलं नव्हतं. बिघाड माझ्या कानांत होता. मी हे चारचौघांत बोलून मोकळा झालो आहे, पण जे त्या दिवशी हॉलमध्ये नव्हते ते अजून जुनीच गोष्ट सांगतात. मागच्याच महिन्यात लेस्टरच्या एका बाईंनी ती मलाच ऐकवली. म्हणून हे लिहून ठेवतो.

मी मूळचा इचलकरंजीचा, धंद्यानं इलेक्ट्रिशियन. कॉव्हेंट्रीला आलो तो मोटारीच्या कारखान्यात. पत्रे ठोकणाऱ्या प्रेसच्या धडधडाटात निम्मं आयुष्य गेलं. तेव्हा कानांत घालायला बोळे मिळायचे, ते आम्ही खिशात ठेवायचो. पुढे कारखान्यानं माणसं कमी केली, तेव्हा आमच्या मंडळाच्या गणपतीसाठी जमवलेले दोन स्पीकर आणि एक मिक्सर एवढ्या भांडवलावर मी भाड्यानं साउंड द्यायला लागलो.

नवख्या माणसाला हे काम मी असं समजावतो. स्टेजवरच्या प्रत्येक माइकची वायर माझ्या टेबलावर येते. तिथं प्रत्येकाला तीन मुख्य बटणं. बेस म्हणजे आवाजाचं पोट. मिड म्हणजे अंग. आणि ट्रेबल म्हणजे वरची झिलई. तुम्ही ‘साखर’ म्हणता त्यातला ‘स’, झांजेची चमक, घुंगराचा किणकिणाट, हे सगळं ट्रेबलमध्ये असतं. ते कमी पडलं तर गायक पांघरुणातून गातोय असं वाटतं. जास्त झालं तर कानात सुई जाते. बाकी मग केबल. कार्यक्रम संपला की प्रत्येक केबल एक वेढा सुलटा, एक वेढा उलटा असा गुंडाळायचा, म्हणजे पुढच्या वेळी फेकला की गाठ न पडता सरळ पसरतो. हे ज्याला येत नाही त्याला मी टेबलाजवळ फिरकू देत नसे.

इथल्या हॉस्पिटलांनी फिलिपिन्सहून नर्सेस आणायला सुरुवात केली, त्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका दुपारी दारात एक हसरा मुलगा उभा. ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणारा दिंदो. गिटार वाजवायचा. त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये पार्टी होती आणि स्पीकर हवे होते.

“तितो, तुम्ही स्वतः याल ना?” त्यानं विचारलं. तितो म्हणजे त्यांच्यात काका. ओळख नसली तरी मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं त्यांना जमत नाही. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, पण ते ‘तितो’ ऐकलं आणि मला आपल्याकडचंच कुणी आल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून ‘ऑफ ड्यूटी’चा साउंड माझ्याकडे.

बाकीच्या बँडमध्ये माणसं भांडून बदलतात. या बँडमध्ये ती हॉस्पिटलच्या ड्यूट्यांमुळे बदलायची. बेस गिटारवाला तर टिकतच नसे. एक कॅनडाला गेला. एक लग्न करून ॲबरडीनला. एकाला कायमची नाइट लागली, तो दिवसा प्रॅक्टिसला यायचा आणि गाण्याच्या मध्येच डुलक्या घ्यायचा. कीबोर्डवाल्याचा व्हिसा, त्याच्या जागी आलेल्याची बदली. मुख्य माणसं तिघंच. दिंदो, केअर होममध्ये काम करणारा ड्रमर बॉयेट, आणि मारिसेल.

मारिसेल म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नर्स होती. उंचीनं एवढीशी; माइकचा स्टँड मला नेहमी खाली घ्यावा लागे. फिलिपिन्सची रॉक गाणी, इंग्रजी पॉप, सगळं गायची आणि गाताना डोळे मिटायची नाही. समोर कोण काय करतंय यावर तिचं लक्ष. एकदा एका मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला, त्याचा त्यांच्यात लग्नाएवढाच थाट असतो, बेसवाल्याला वॉर्डातून सोडलंच नाही. मुलीचा बाप रडकुंडीला आलेला. मारिसेलनं बेस गिटार गळ्यात अडकवली, चार सुरांत सगळी गाणी बसवली आणि गात गात तीन तास ओढले. “तितो, बेस थोडा कमी ठेवा, मी चुकतेय ते कुणाला कळू देऊ नका,” एवढंच मला सांगून गेली.

माइक तपासताना लोक ‘वन टू थ्री’ म्हणतात. मारिसेल म्हणायची, “टी ऑर कॉफी, लव?” वॉर्डात दिवसभर आजी-आजोबांना ती हेच विचारायची, आणि तेही थेट कॉव्हेंट्रीच्या हेलात. त्या एका वाक्यावर मी तिचा आवाज लावायचो. त्यातला ‘टी’ टकटकीत आला आणि ‘कॉफी’तला ‘फ’ फुंकरीसारखा आला की बटणं बरोबर.

कधीतरी हे ‘टी ऑर कॉफी’ मला मळकट यायला लागलं. त्याआधी झांजा. मी बॉयेटला म्हणालो, “तुझ्या झांजा मेल्या. नवीन घे.” त्यानं बिचाऱ्यानं घेतल्या. त्याही मला मेलेल्याच वाटल्या. मग मी केबल बदलले. मग माइक. मग स्पीकरमधला बारीक आवाजाचा भोंगा बदलला. शेवटी मिक्सरच नवा आणला. दिंदोच्या बँडमध्ये माणसं बदलत होती तसा मी इकडे एकेक वस्तू बदलत होतो, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून मारिसेलचं ट्रेबल दर कार्यक्रमाला जरा जरा वर चढवत होतो. सवयीनं. सहा महिन्यांपूर्वी बटण कुठं असायचं हे कोण लक्षात ठेवतं? साउंडवाला कानावर जातो.

अशात आमच्या ओळखीनं ‘ऑफ ड्यूटी’ला ब्रॅकनेलच्या मराठी लोकांची दिवाळी मिळाली. सगळी पुण्यामुंबईची सॉफ्टवेअरमधली तरुण जोडपी. शाळेचा हॉल, बाहेर फराळाची टेबलं. सेक्रेटरी कौस्तुभ म्हणून एक उत्साही मुलगा. दुसऱ्या गाण्याला तो माझ्याकडे आला.

“काका, बँड एकदम मस्त आहे हां. फक्त त्या मॅडमचा आवाज थोडा टोचतोय. पुढच्या रो मधल्या सगळ्या आज्या मागे शिफ्ट झाल्या.”

“व्हॉल्यूम कमी करतो.”

“व्हॉल्यूम नाही काका, म्हणजे... शार्प आहे. माझ्या बायकोच्या दाताला झिणझिण्या येतायत, literally.”

तो माझ्या निम्म्या वयाचा पोरगा मला साउंड शिकवत होता. मी म्हणालो, “मशीन नवीन आहे. बाईचा आवाजच आता तसा झालाय.”

हे मी मराठीत बोललो असतो तर तिथंच संपलं असतं. पण कौस्तुभ निम्मा इंग्रजीत बोलत होता म्हणून मीही इंग्रजीत बोललो, आणि पाणी घ्यायला मागे आलेला दिंदो माझ्या पाठीशी उभा होता.

सामान भरताना त्यानं विचारलं, “तितो, लोक बऱ्याच दिवसांपासून म्हणतायत. मशीनचा काही प्रॉब्लेम नाही ना?”

“मशीन नवीन आहे,” मी परत म्हणालो.

तो स्पीकर उचलून गाडीत ठेवायला लागला. वडीलधाऱ्याला दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. ते त्यांना जमत नाही आणि खरं तर आपल्यालाही जमत नाही. वर्षभर किती जणांना मी बसतो त्या टेबलाकडे बोट दाखवावंसं वाटलं होतं, ते मला नंतर कळलं. पण तितोला सांगणार कोण? त्यापेक्षा गायिका बदलणं सोपं होतं.

तिला काढलं असं कुणी म्हणालं नाही. दोन प्रॅक्टिसना तिला बोलावणं गेलं नाही. तिला समजलं. तिनं स्वतःच सांगितलं की माझ्या ड्यूट्या जुळत नाहीत. सगळ्यांची अब्रू तिनंच झाकली.

एका रविवारी ती आमच्या घरी आली. तिच्याकडे सरावाला दिलेला माझा एक माइक होता, तो परत करायला. मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला थालीपीठ खायला बसवलं. त्या दोघींचं छान जमायचं. खाऊन झाल्यावर सिंकपाशी उभं राहून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तितो, खरं सांगा. माझा आवाज गेलाय का?”

मी तेव्हा खोटं बोललो नाही. मला जे ऐकू येत होतं त्यावरून आणि लोक जे म्हणत होते त्यावरून मी म्हणालो, “थोडी विश्रांती दे गळ्याला. होतं असं.”

तिनं मान हलवली. “थँक यू, तितो. तुम्ही सांगितलंत म्हणून बरं. बाकी कुणी सांगत नाही.”

ती गेल्यावर मंगल म्हणाली, “अहो, काहीतरीच काय सांगितलंत तिला? आत्ता भांडी पुसताना गुणगुणत होती. कुठं काय टोचत होतं?”

“घरातलं वेगळं, माइकवरचं वेगळं. तुला त्यातलं कळत नाही.”

हे वाक्य मंगल मला अजून ऐकवते. ऐकवायलाच हवं.

मारिसेलच्या जागी क्रिस्टल आली. नुकतीच मनिलाहून आलेली, हळू, मऊ आवाजाची मुलगी. वर्षभर तक्रार आली नाही. मला वाटलं, बघा, मशीन बरोबरच होतं.

मग या गोष्टीत आमच्या जिन्यातला स्मोक अलार्म आला. बॅटरी संपत आली की तो दर मिनिटाला एकदा चिवचिवतो. मी जिन्यापाशी खुर्चीत पेपर वाचत होतो. मंगल कपाळाला हात लावून आली.

“अहो, कालपासून हा किंचाळतोय. माझं डोकं उठलं. आणि तुम्ही त्याच्याखाली बसून पेपर वाचताय?”

“कोण किंचाळतोय?”

ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघत राहिली. “हा बघा. आत्ता. ऐकलंत?” मी ऐकलं नाही. “आता परत.” नाही. मी स्टुलावर चढलो, अलार्मला कान लावला. मंगलनं दचकून कानांवर हात ठेवले, त्यावरून मला कळलं की तो वाजला.

जीपीनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, हॉस्पिटलात पाठवलं. तपासणीला होती ती आमच्याच मंडळातल्या एका जुन्या सभासदाची नात, रिया. इथंच जन्मलेली. काचेच्या खोलीत हेडफोन घालून बसवतात. बीप ऐकू आली की बटण दाबायचं. मी सुरुवातीला लबाडी केली. काचेतून तिचा हात हलला की बटण दाबायचो. तिनं शांतपणे खुर्ची फिरवून घेतली आणि माझ्याकडे पाठ केली. मग बराच वेळ मी नुसताच बटण धरून बसून राहिलो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “आजोबा, खालचे आवाज तुम्हाला छान ऐकते. पण वरचे... ते नाही आहे. खूप वर्षं झाला असेल. Factory मध्ये होता ना तुम्ही? आणि मोठा music?”

“मग आता?”

“Hearing aids देते ना मी. लोक काय बोलते ते कळेल. टीव्हीचा आवाज कमी होईल, आजीला बरं वाटेल.” ती हसली. मग म्हणाली, “तुम्ही काय काम करता आता?”

“रिटायर्ड आहे,” मी म्हणालो. तेव्हा नव्हतो.

कार पार्कमध्ये गाडीत बसल्यावर सगळं एका ओळीत उभं राहिलं. बॉयेटच्या झांजा. नवा मिक्सर. ब्रॅकनेलच्या आज्या. मला जे ऐकू येत नव्हतं ते मला ऐकू येईपर्यंत मी वर चढवत होतो, आणि ज्यांचे कान शाबूत होते त्यांना त्याची सुई टोचत होती. क्रिस्टलच्या गळ्यातच वरचा भाग कमी होता म्हणून ती वाचली. आणि मारिसेल मला थँक यू म्हणून गेली होती.

मी त्याच दिवशी तिच्याकडे जायला हवं होतं. गेलो नाही. एकदा मनात धरून तिच्या घराजवळून गाडी नेली आणि पुढच्या चौकातून परत फिरलो. साउंडवाल्याचे कान गेले म्हणजे आचाऱ्याची जीभ गेली. हे बाहेर पडलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला कुणी बोलावलं नसतं, आणि घरी बसून मी काय करणार होतो? हिअरिंग एडची डबी शर्टाच्या खिशात ठेवायचो. कारखान्यातल्या बोळ्यांसारखीच.

पण काम तर चालू ठेवायचं होतं. पहिल्यांदा मी चेहऱ्यांवर साउंड लावायला लागलो. पुढच्या रांगेतली कुणी बाई कानातल्याशी चाळा करायला लागली की ट्रेबल खाली. कुणी शेजारणीला ‘काय म्हणाला?’ विचारलं की वर. मग मंगल यायला लागली. ती टेबलाशेजारी विणकाम घेऊन बसायची. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला सोबत आली आहे.

“टोचतंय,” ती टाका न चुकवता म्हणायची. मी बटण फिरवायचो.

“अजून. हां. आता गोधडीत गेलं. थोडं बाहेर काढा.”

त्या दिवसांत ‘ऑफ ड्यूटी’चा साउंड फार छान लागायचा, असं दिंदो आजही म्हणतो. इथं हेही नोंदवून ठेवतो की तो माझा नव्हता. ज्या बाईला मी ‘तुला त्यातलं कळत नाही’ म्हणालो होतो, तिचा होता.

घरी परतताना गाडीत ती अधूनमधून विचारायची, “त्या पोरीला कधी सांगणार?”

“सांगतो.”

“मी सांगू?”

“नको. मी सांगतो.”

असे दोन ख्रिसमस गेले. तिसरा जवळ आला. फिलिपिनो लोकांचा ख्रिसमस सप्टेंबरातच सुरू होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झाडाला दिवे लागतात आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. तर अशाच सप्टेंबरातल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर हॉलमध्ये दिंदोच्या निरोपाचा कार्यक्रम होता. तो ऑस्ट्रेलियाला निघाला होता. कोपऱ्यात झाड लुकलुकत होतं. मारिसेल किचनच्या खिडकीपाशी पान्सित वाढत होती. पान्सित म्हणजे त्यांच्या भाज्या नि कोलंबी घातलेल्या शेवया. अशा कार्यक्रमांना ती यायची, पण कायम किचनच्या बाजूला.

बॉयेटनं माइक घेऊन बँडचा इतिहास सांगायला घेतला. तो बोलतो छान, लोकांना हसवतो. डुलक्या घेणारा बेसवाला झाला, ॲबरडीनवाला झाला. मग म्हणाला, “आणि आमची पहिली गायिका, मारिसेल! काय आवाज होता! पुढे पुढे इतका वर गेला, इतका वर गेला, की माझ्या केअर होममधले आजोबा गाण्याआधी हिअरिंग एड काढून टेबलावर ठेवायचे!”

हॉल हसला. त्यात दुष्टपणा नव्हता. मी किचनकडे पाहिलं. मारिसेलही हसत होती. हातात पळी, पळीत शेवया, आणि ती सगळ्यांच्या बरोबर मान हलवून हसत होती. ते हसणं मला बघवलं नाही.

साउंडवाल्याच्या टेबलावर एक छोटा माइक असतो. ‘गिटार जरा कमी कर’ वगैरे स्टेजवर सांगण्यासाठी. एक बटण दाबलं की तो मोठ्या स्पीकरवरही जातो. इतक्या वर्षांत मी ते बटण कधी दाबलं नव्हतं. ते दाबलं.

“बॉयेट, थांब,” मी म्हणालो. शिट्टी न वाजताही सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. “ही गोष्ट चुकीची आहे. मारिसेलचा आवाज गेला नव्हता. माझे कान गेलेत. मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. मी तिचं ट्रेबल चढवत गेलो, म्हणून तुम्हाला टोचत होतं. दिंदोनं मला विचारलं होतं, मी मशीन नवीन आहे म्हणालो. मारिसेलनं घरी येऊन विचारलं होतं, मी तिला गळ्याला विश्रांती दे म्हणालो. तेव्हा मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, तरी मी गप्प बसलो. तुझ्या झांजासुद्धा चांगल्या होत्या, बॉयेट.”

शेवटच्या वाक्याला कुणीतरी चुकून हसलं आणि गप्प झालं. मी खिशातून डबी काढली आणि सगळ्यांसमोर दोन्ही कानांत ती यंत्रं घातली. एक खाली पडलं, ते मंगलनं उचलून दिलं.

मारिसेल पळी ठेवून माझ्यापर्यंत चालत आली. तिच्या चपलांचा आवाज मला ऐकू आला. कितीतरी वर्षांत चपला ऐकल्या नव्हत्या.

“तुम्हाला कधी कळलं?”

“दोन ख्रिसमस झाले.”

“दोन ख्रिसमस.” ती हळू बोलत होती. “तितो, मी चर्चमध्ये नुसते ओठ हलवते. शेजारच्याला त्रास नको म्हणून. वॉर्डात एक आजी रोज म्हणते, गा ना गं. मी तिला म्हणते, घसा दुखतोय. दोन ख्रिसमस तुम्ही मला ओठ हलवू दिलेत.”

“हो.”

मला वाटलं, आता ती निघून जाईल. गेली असती तरी माझं काही म्हणणं नव्हतं. ती म्हणाली, “उठा.”

मी उठलो.

“मंगल आँटी, तुम्ही बसा. साउंड तुम्हीच बघता ना? मला माहितेय. तुम्ही टोचतंय म्हणता आणि ते बटण फिरवतात. किचनमधून सगळं दिसतं. मला वाटायचं, तितोंना आता कंटाळा येतो.”

मंगल विणकाम बाजूला ठेवून माझ्या खुर्चीत बसली. मारिसेल स्टेजवर गेली. क्रिस्टलनं स्वतः होऊन माइक तिच्या हातात दिला आणि स्टँड खाली घेतला. दिंदोनं गिटार उचलली, पण मान वर करून तिच्याकडे बघायला तो तयार नव्हता. ती माइकपाशी उभी राहिली. मग म्हणाली, “टी ऑर कॉफी, लव?”

‘टी’ टकटकीत आला. ‘कॉफी’तला ‘फ’ फुंकरीसारखा आला.

मग ती गायली. कुठलं गाणं होतं ते मला सांगता येणार नाही. त्यांच्या भाषेतलं होतं, जुनं, बँडच्या पहिल्या दिवसांतलं. पहिल्या ओळीला घाबरली, दुसऱ्या ओळीला तिनं डोळे उघडे ठेवून समोर पाहिलं. खरं सांगायचं तर हिअरिंग एडमधून गाणं काही फार चांगलं ऐकू येत नाही. ती यंत्रं बोलण्यासाठी असतात. गाणं त्यातून डब्यात वाजल्यासारखं येतं. म्हणून मी मला जमत होतं तेच केलं. पुढच्या रांगेचे चेहरे पाहिले. तिथं सगळ्या आज्या बसल्या होत्या. कुणाचा हात कानाकडे गेला नाही. कुणी खुर्ची मागे सरकवली नाही. एक तर पुढे वाकून बसली होती.

मी मंगलकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

“काय करू?” मी हळूच विचारलं.

“काही नको,” ती म्हणाली. “आहे तसं छान आहे.”

सबंध गाण्यात तिनं एकही बटण हलवलं नाही.

गाणं संपल्यावर दिंदो माझ्याकडे आला. “तितो, मी परत विचारायला हवं होतं,” म्हणाला. मी म्हणालो, “मी कळल्याबरोबर सांगायला हवं होतं.” बॉयेट मात्र हिशेबी. “नवीन झांजांचं काय?” असं त्यानं विचारलं, आणि मग स्वतःच हसत मला मिठी मारली.

मारिसेल सगळ्यांत शेवटी आली. हातात पान्सितची भरलेली प्लेट. ती तिनं माझ्यासमोर ठेवली, जरा जोरात.

“मी अजून रागावलेली आहे,” ती म्हणाली. “खा.”

मी खाल्लं. मला वाटतं, कित्येक महिन्यांत मी एवढं पोटभर जेवलो नव्हतो.

दिंदो ऑस्ट्रेलियाला गेला. बँड बॉयेट चालवतो. मारिसेल आणि क्रिस्टल दोघी गातात. बेसवाला याही वर्षी बदलला. माझी भीती खरी ठरली नाही, म्हणजे लोकांनी बोलावणं बंद केलं नाही. फक्त आता ते मंगलला फोन करतात. तिनं परवा एका पंजाबी लग्नातल्या ढोलवाल्याला इतक्या शांतपणे मागे सरकवलं की मी पाहत राहिलो. माझ्यावर मारिसेल अजून पूर्ण प्रसन्न नाही. नाताळात तिच्या वॉर्डात त्या आजीसाठी ती गाणार आहे. मला म्हणाली, “तितो, एक छोटा स्पीकर आणि एक माइक घेऊन या. पण ट्रेबलला हात लावायचा नाही.”

लावणार नाही. मी आता फक्त केबल गुंडाळतो. एक वेढा सुलटा, एक वेढा उलटा. त्याला कान लागत नाहीत.